चलाम चणीपा चदे!

'चलाम चणीपा चदे.' हे वाक्य वाचून ओठांवर हसू आलं असेल, तर तुमचं लहानपण मराठीत गेलं आहे. बुचकळ्यात पडला असाल, तर सांगायला हवं: ही च-ची भाषा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं आणि सुरुवातीला 'च' लावायचा. 'मला'चं 'चलाम', 'पाणी'चं 'चणीपा'. 'दे' बिचारं एकटंच, त्याला जायला जागा नाही, म्हणून नुसतं 'चदे'. आठ-नऊ वर्षांच्या दोन मैत्रिणी ही भाषा इतक्या भराभर बोलतात की शेजारी बसलेला धाकटा भाऊ रडकुंडीला येतो. खेळाचा हेतूही तोच असतो.

आता या खेळात त्या मुलीच्या डोक्यात काय चालतं ते बघा. 'पाणी' म्हटलं की आपल्याला तहान आठवते, पेला आठवतो, माठ आठवतो. तिने मात्र अर्थ बाजूला ठेवला आणि शब्दाचा नुसता आवाज हातात घेतला. तो दोन तुकड्यांत कापला, तुकड्यांची अदलाबदल केली, वर एक 'च' चिकटवला. कागद नाही, पेन्सिल नाही, आणि हे सगळं एका श्वासात.

तिने कापलं कुठे, हे त्याहून गमतीचं. 'पाणी'तला 'पा' तिने अख्खा उचलला. त्यातला 'प्' वेगळा आणि 'आ' वेगळा, असं तिच्या मनातही आलं नाही. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचीही अशीच एक चोरटी भाषा आहे, तिला पिग लॅटिन म्हणतात. तिच्यात 'पिग'चं 'इगपे' होतं. म्हणजे तिथली मुलं सुरुवातीचा 'प्' तेवढा सोलून काढतात आणि मागे नेतात. दोन्हीकडे मुलंच, दोन्हीकडे मोठ्यांपासून लपवाछपवी. पण शब्दाला चीर पडते ती वेगवेगळ्या जागी. आणि ती बरोबर तिथे पडते, जिथे त्या त्या भाषेची लिपी शब्दाचे तुकडे करते. इंग्रजीत सुटा आवाज सुट्या चिन्हाने लिहितात, आपण अक्षर लिहितो.

मूल वाचायला शिकतं म्हणजे काय करतं, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. कागदावरच्या खुणा ओळखणं हा पुढचा भाग. त्याआधी कानाला कळावं लागतं की बोलणं तोडता येतं. आपल्याला ते इतकं उघड वाटतं की त्यात शिकण्यासारखं काही आहे हेच ध्यानात येत नाही. पण बोलताना शब्दांमध्ये फटी नसतात, अक्षरांमध्ये तर मुळीच नसतात. तोंडातून एक सलग आवाज बाहेर पडतो, त्याचे तुकडे ऐकणारा करतो.

१९७४ साली अमेरिकेत इसाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना एक साधा खेळ दिला. शब्द ऐकायचा आणि त्यात जितके तुकडे ऐकू येतील तितक्या वेळा लाकडी काडीने टेबलावर टकटक करायचं. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना शब्दातले मोठे तुकडे, म्हणजे आपल्या 'पा' आणि 'णी'सारखे, मोजता आले. पण त्याहून बारीक तुकडे, 'प्' आणि 'आ', त्या वयाच्या एकाही मुलाला मोजता आले नाहीत. पहिलीच्या वर्षाअखेरीस मात्र दहातल्या सात मुलांना ते जमू लागलं होतं. मधल्या काळात ती वाचायला शिकली होती.

मग हे वयामुळे झालं की वाचनामुळे? १९७९ मध्ये जोझे मोराइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमध्ये कधीच शाळेत न गेलेल्या प्रौढांना गाठलं आणि शब्दाचा पहिला आवाज काढून उरलेलं म्हणायला सांगितलं. व्यवहारात कुठेही कमी नसलेल्या त्या माणसांना ते जमेना. त्यांच्याच आसपासची, मोठेपणी वाचायला शिकलेली माणसं मात्र ते करून दाखवत होती. म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे निसर्ग आपल्या कानात घालून पाठवत नाही. ते लिपीमुळे ऐकू येऊ लागतात. मोठे तुकडे मात्र चार वर्षांच्या पोराच्याही आवाक्यात असतात, आणि आपली लिपी नेमकी त्या मोठ्या तुकड्यांपासून सुरू होते. मराठी मुलाला ही केवढी सवलत मिळाली आहे!

ही सवलत वसूल करण्याचे खेळ आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांना कुणी शिक्षण म्हटलं नाही इतकंच. भेंड्या घ्या. शेवटच्या अक्षरावरून पुढचं गाणं, गावाचं नाव, फळाचं नाव. लांबच्या प्रवासात गाडीतल्या पाच वर्षांच्या पोराला खेळात घेतलं की आधी ते शब्दाच्या अर्थावर जातं. 'आंबा' म्हटल्यावर 'फणस' म्हणतं, कारण दोन्ही गोड. मग कधीतरी त्याला उमजतं की इथे गोडीला किंमत नाही, शेपटाला आहे. 'आंबा'चं शेपूट 'बा', तेव्हा 'बाहुली'. बाहुलीवरून 'लिंबू' चालेल का, यावर भांडण होतं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पहिला धडा तिथे गाडीतच पार पडतो.

भेंड्यांत हमखास एक अडचण येते. कुणीतरी 'कमळ' म्हणतं आणि सगळे अडतात, कारण 'ळ'वरून शब्दच नाही. मग 'ळ'चा 'ल' करून घ्यायचा, असा तह होतो. 'बाण' आला की 'ण'चा 'न'. अंकलिपीतही हीच पंचाईत. 'क' कमळाचा आणि 'ख' खटाऱ्याचा असा दिमाखात चाललेला क्रम इथे येऊन लटपटतो आणि 'ण' बाणाचा, 'ळ' बाळाचा असं शेपटाकडून म्हणावं लागतं. ण आणि ळ मराठी शब्दाच्या तोंडाशी येत नाहीत, हा भाषाशास्त्राचा नियम आपण सगळे असे भेंड्या खेळता खेळता शिकलो आहोत.

बडबडगीतांचंही तसंच. त्यांच्यात अर्थ शोधणारी माणसं मला नेहमी जरा दयनीय वाटतात. अर्थ नाही म्हणूनच तर मुलाचा कान यमकाकडे जातो. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या इंग्लंडमधल्या संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना यमकात न बसणारा शब्द ओळखायला सांगितलं. मराठीत त्याचा नमुना द्यायचा तर वाटी, पाटी, काठी, दाटी. यातली 'काठी' वेगळी. मग त्यांनी काही वर्षं या मुलांचा माग ठेवला. ज्यांचा कान यमकाला तयार होता, ती पुढे वाचनात आणि लेखनात सरस निघाली. ज्यांना जमत नव्हतं अशा ६५ मुलांचे गट करून त्यांतल्या काहींना चित्रांच्या मदतीने आवाजांचे खेळ शिकवले, काहींना त्याच आवाजांसोबत प्लास्टिकची अक्षरंही हाताळायला दिली. या दुसऱ्या गटाने सर्वांत मोठी मजल मारली. १९८३ मध्ये हे काम 'नेचर'मध्ये छापून आलं. कानाला अक्षराची जोड मिळाली की गाडी धावते, असं त्यातून दिसलं.

इथवर मराठी मुलाची चंगळ आहे. पुढे चढण लागते.

काना, मात्रा, वेलांटी नसलेल्या गावाचं नाव सांगा, हे कोडं आपल्या लहानपणी घरोघर विचारलं जायचं. उत्तर अहमदनगर. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, त्यामुळे कोडं घालणाऱ्यांना जत किंवा कळवण शोधावं लागेल. कोडं छोटं असलं तरी त्यात मराठी वाचनाची खरी अवघड जागा सापडते. 'क'पासून 'ळ'पर्यंत ३४ व्यंजनं. प्रत्येकाची बाराखडी धरली तर ४०८ रूपं, आणि 'ॲ' व 'ऑ' घेऊन चौदाखडी केली तर ४७६. जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजी मुलाला २६ अक्षरं, लहानमोठी मिळून ५२. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या अभ्यासात, सगळी अक्षरं नीट बसायला मुलांना चौथी-पाचवी उजाडते असं दिसलं. कन्नडची घडण आपल्यासारखीच आहे, तेव्हा पहिलीच्या दिवाळीत 'अजून याला वाचता येत नाही' म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या आईबाबांनी जरा दम धरायला हरकत नाही.

४०८ रूपं पाठ करायची नसतात, हे मुलाला ज्या दिवशी कळतं तो दिवस मोठा. 'मा', 'मि', 'मु' ही तीन वेगळी चित्रं नसून एकाच 'म'ला वेगवेगळी खूण जोडलेली आहे, हे कळणं म्हणजे 'म्' आणि 'आ' कानाला वेगळे ऐकू येणं. पोर्तुगालमधल्या त्या प्रौढांना जे जमत नव्हतं तेच. आपली लिपी ते मुलाला हळूहळू, खुणेच्या आधाराने शिकवते. त्यासाठी एक खेळ फार नामी आहे. जमिनीवर खडूने 'म', 'क', 'र', 'ट' मोठे काढायचे आणि मुलाच्या हातात आइस्क्रीमची एक काडी द्यायची. काडी म्हणजे काना. 'म'शेजारी ठेवली, 'मा'. उचलून 'क'कडे नेली, 'का'. 'टा'. 'रा'. काडी तीच, तोंड दर वेळी तसंच मोठं उघडतं. चौथ्या-पाचव्या अक्षरापाशी मूल काडी ठेवण्याआधीच ओरडतं, आणि मग स्वतःच काडी घेऊन घरभर 'आ' लावत सुटतं.

पहिली वेलांटी मात्र लबाड आहे. 'कि' म्हणताना आधी 'क' आणि मग 'इ', पण लिहिताना वेलांटी आधी येते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात (२००२) मोठ्या माणसांनाही अशा शब्दांवर किंचित जास्त वेळ लागताना दिसला. मुलाने 'किती'चं 'इकती' वाचलं तर रागावण्याआधी हे आठवावं. र तर बहुरूपीच आहे: 'चक्र'मध्ये पायाशी तिरपा, 'राष्ट्र'मध्ये टोपी उलटी टांगल्यासारखा, 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'दऱ्या'मध्ये आडवा. या चौघांची ओळख घाईने करून देऊ नये, एवढंच माझं मत.

आता डोळ्याकडे वळू. माणसाला लिहिता येऊ लागून पाचेक हजार वर्षं झाली. मेंदूत वाचनाचा खास भाग घडायला एवढा काळ पुरत नाही. मग वाचतो कोण? स्तानिस्लास देहान या फ्रेंच शास्त्रज्ञाचं म्हणणं असं की डाव्या बाजूला, मागच्या अंगाला एक पट्टा आहे. मुळात तो वस्तू, आकार, चेहरे ओळखण्याच्या कामातला. वाचायला शिकताना मेंदू त्याच पट्ट्यात अक्षरांची सोय करतो, जुन्या वाड्याच्या ओसरीत बँकेची शाखा उघडावी तशी. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर स्त्रियांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मेंदूच्या खोल, फार जुन्या भागांतही बदल दिसले. तिशीतल्या बायकांचा मेंदू सहा महिन्यांत असा हलतो, तर चार वर्षांच्या मुलाचं काय सांगावं.

ओसरीचे जुने नियम मात्र लगेच जात नाहीत. कपबशीचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच. मांजर इकडे तोंड करून बसलं काय, तिकडे काय. डावं-उजवं विसरून वस्तू ओळखणं हा मेंदूचा मोठा गुण, आणि अक्षरांच्या बाबतीत तोच आडवा येतो. '३' उलट्या बाजूला तोंड करून बसला की '६'सारखा दिसू लागतो! मूल आकडे आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढतं ते यामुळे. त्यात आजार काही नाही. एका जुन्या हुशारीला मुरड घालायला वेळ लागतो, इतकंच. पहिली-दुसरीपर्यंत बहुतेकांचं आपोआप सरळ होतं. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' या जोड्याही एकाच आठवड्यात शिकवू नयेत, म्हणजे निम्मे घोटाळे टळतात.

मुरड घालायला हात मदत करतो. अमेरिकेत करिन जेम्स यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन तऱ्हांनी दिली: स्वतःच्या हाताने मोकळेपणी काढायची, ठिपक्यांवरून गिरवायची, किंवा कळफलकावर दाबायची. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूची चित्रं घेतली. वाचनाची यंत्रणा जागी झाली ती मोकळेपणी काढलेल्या अक्षरांना. गिरवलेल्यांना तशी नाही. कारण बहुधा असं की मुलाच्या हातून निघालेलं प्रत्येक अक्षर वेडंवाकडं आणि वेगळं असतं, आणि त्या सगळ्या वेडेपणातून 'क'पण कशात आहे ते मेंदू वेचून घेतो. ठिपक्यांवरून गिरवताना ते काम छापखान्याने आधीच उरकलेलं असतं.

आपल्या जुन्या पंतोजींची शाळा छडीसाठी बदनाम, आणि योग्यच बदनाम. पण धुळपाटीवर बोटाने अक्षर काढणं, पुसणं, पुन्हा काढणं ही तिथली रीत शहाणपणाची होती. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी बालघर काढलं, तेव्हा खरकागदाची अक्षरं केली. मूल बोट फिरवत आवाज म्हणायचं, आणि कुणी न सांगता एके दिवशी लिहू लागायचं. वाचन त्यानंतर यायचं.

स्वयंपाकघरात हाच प्रयोग फुकट होतो. पोळ्या चालू असताना मुलीला कणकेचा छोटा गोळा द्या. ती त्याची वळी करते, बोटांखाली लांबवते, मध्येच तुटते, पुन्हा चिकटवते. एक उभी वळी: काना. टोकाला बाक दिला: वेलांटी. दोन वाटोळी शेजारी आणून जोडली की 'ळ' उभा राहतो. तो पोळपाटावर उलटा पडला असेल, तर उचलून पालथा करायचा. 'माझा ळ' असं म्हणून तव्यावर भाजून मागितला, तर भाजून द्यावा.

साधनं महाग असावी लागत नाहीत, हे महाराष्ट्राला ताराबाई मोडकांनी दाखवून दिलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केल्यावर १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम रुजलं. मॉन्टेसरीची साधनं परदेशी आणि खर्चिक; या दोघींनी शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या गोळा केल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर पाड्याच्या अंगणात बालवाडी भरवली. मोठी मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. आज देशभर असलेल्या अंगणवाडीमागे त्या अंगणाचा मोठा वाटा आहे. या कामाचा जेवढा अभिमान आपण मिरवायला हवा तेवढा मिरवत नाही, असं मला वाटतं.

गोष्टीच्या पुस्तकांबद्दल एकच सांगायचं. मुलाला मांडीवर घेऊन वाचताना आपला समज असा की तेही शब्दांकडे बघतंय. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रांनी तो समज मोडीत काढला. छोटी मुलं चित्रं बघतात, अक्षरांकडे जवळजवळ ढुंकूनही बघत नाहीत. उपाय सोपा आहे: वाचताना अधूनमधून ओळीखालून बोट फिरवावं आणि कधी विचारावं, 'तुझ्या नावातला म कुठे दिसतोय का इथे?' स्वतःच्या नावातलं अक्षर मूल कुठेही शोधून काढतं, दुकानाच्या पाटीवर, एसटीच्या फलकावर, बिस्किटाच्या पुड्यावर.

आणि लिहू लागल्यावर त्याने 'पाणी'चं 'पणी' लिहिलं, तर लाल खूण करू नये. काना राहिला, पण तुकडे बरोबर पाडले आणि क्रमाने मांडले. अवघड काम त्याने केलेलं आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभरणीचा धरला आणि तो खेळातून व्हावा असं म्हटलं. तरी प्रवेशाच्या वेळी 'अ ते ज्ञ लिहितो ना?' असं विचारणाऱ्या बालवाड्या गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्यावर खूश होणारे आईबाबाही. तेव्हा बालवाडी बघायला जाल तेव्हा बाईंना एवढंच विचारा की दिवसातून गाणी किती वेळ, गोष्टी किती वेळ, आणि माती, वाळू, कणीक मुलांच्या हातात कधी येते. उत्तरादाखल त्यांनी तीन वर्षांच्या मुलांच्या भरलेल्या वह्यांचा गठ्ठा पुढे केला, तर आभार मानून पुढची बालवाडी बघा.